वन्संच्या पदरातला गूळ

पालखी शेजारच्या अंगणात नाचत होती आणि आमचे हे पडवीत घामाने निथळत होते. हात थरथरत होते, नजर भलतीकडेच. मी साखरेचं पाणी ओठांना लावलं तर त्यांनी भांडं ढकललं. "कोण गो तू? देवाच्या आधी खायला घालतेस?" लग्नाच्या बायकोला विचारतात, कोण गो तू! तेवढ्यात वन्सं धावत आल्या. पदराच्या गाठीतला गूळ सोडला आणि म्हणाल्या, "दादा, आ कर." यांनी लगेच आ केला. मला ओळखलं नाही, बहिणीला ओळखलं.

शिमग्यात पालखी घरी येऊन जाईपर्यंत आमच्याकडे कोणी तोंडात काही घालत नाही. ढोल जवळ आला तशी यांनी इन्सुलिनची सुई घेतली, म्हणजे पालखी गेली की लगेच जेवता येईल. पण नाचवणाऱ्यांना एकेका अंगणातून पाय निघेना. सुई घेतली आणि पोटात अन्न गेलं नाही की साखर खाली पडते. मी दोनदा सांगितलं, खाऊन घ्या. माझ्यावर डोळे वटारले.

"देवाआधीच भरवलंस काय गो?" अंगणातून एक म्हातारा ओरडला.

"देव शेजारी नाचतोय, त्याला घाई नाय," वन्सं म्हणाल्या. "दादाला हाय." आणि दुसरा खडा यांच्या तोंडात घातला.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण शेवंती. वरंधला दिलेली. नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मुंबईला आम्हा दोघींनाही तपासलं. माझा रक्तदाब चढलेला, डॉक्टरांनी मला नको म्हटलं. वन्संची जुळली. गावातल्या बाया मला विचारायच्या, "बहिणीने किडनी दिली, बायकोने काय दिलं गो?" मी म्हणायची, "चार पोरं." तोंडावर बोलायची, पण आत जळायचं ते जळायचंच.

दुसऱ्याची किडनी अंगाने परकी म्हणून हाकलू नये, यासाठी यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. त्या गोळ्यांनी मधुमेह जडला. सकाळी साखर बरी असायची, दुपारनंतर चढायची, आणि एखाद्या दिवशी सुईने धाडकन खाली यायची. हे वैतागायचे. वन्सं म्हणायच्या, "आमच्या वरंधच्या घाटासारखी हाय रे तुझी साखर. घाटात डायवरने झोपायचं नाय, एवढंच." डायवर त्याच. म्हणून तर पदराला कायम गुळाची गाठ. साडी बदलली की आधी गाठ बदलायच्या, मग केस विंचरायच्या.

किडनीला त्या 'माझं सामान' म्हणायच्या. मी वाढलेल्या ताटातला भात माझ्यादेखत आपल्या हाताने काढायच्या. "वयनी, भात कमी वाढ गो. माझ्या सामानाला त्रास होतो." एकदा मी म्हटलं, "वन्सं, सामान तुमचं असेल, पण ज्या पिशवीत ठेवलंय ती माझी आहे." त्या पोटावरची जखमेची जागा धरून हसल्या. हेही हसले. माझ्या बोलण्यावर हे एरवी कधी हसत नाहीत.

सकाळी भाऊबहीण पडवीत साखर मोजायचं यंत्र घेऊन बसायचे. यांच्या बोटाला सुई टोचली की वन्सं सोबत म्हणून स्वतःच्याही बोटाला टोचून घ्यायच्या. "ये गो, तुझंपण बघू," मला म्हणायच्या. मी म्हणायची, "मी मुंबईलाच नापास झालेय." आणि चुलीकडे जायची. चहा त्यांना मुद्दाम गार करून द्यायची. त्या तो मुकाट पीत, तेही मला आवडायचं नाही.

पालखीच्या त्या दिवशी हे भानावर आले, तेव्हा मला म्हणाले, "तू कधी आलीस?" पालखी आली, मी देवाची ओटी भरली, यांना जेवायला वाढलं. संध्याकाळी वन्सं माझ्यामागून मोरीपाशी आल्या. "रागावू नको. तू विनवतेस, म्हणून तो ऐकत नाय. लहानपणी तोच मला भरवायचा, 'आ कर' म्हणून. तूपण तसंच सांग. हुकूम कर." आणि माझ्या पदराला गुळाची गाठ मारली. मी ती त्यांच्यासमोरच सोडून डब्यात टाकली.

गेल्या पावसाळ्यात वन्सं तापाने आजारी पडल्या. उरलेल्या किडनीचा त्यात काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. यांना संसर्ग व्हायला नको म्हणून हे खिडकीबाहेर उभे राहायचे. आत मी. पेज भरवली, कपडे बदलले, पाय चेपले. त्या खिडकीकडे बघून मला म्हणायच्या, "माझं सामान बघ गो वयनी." शेवटपर्यंत सामानच. मी म्हटलं, "बघते." त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत.

यंदा भात लावणीच्या दिवसांत हे बांधावरून घामेजून आले आणि दारातच खाली बसले. हात थरथरत होते, नजर भलतीकडे. मी पदराची गाठ सोडली आणि दरडावून म्हटलं, "आ कर." यांनी आ केला. गूळ चघळत डोळे मिटूनच म्हणाले, "शेवंते, पुरे."

मी दुसरा खडा तोंडात घातला.

वन्सं गेल्या. हे जगले.