दोन चाकोऱ्या

हिवाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून माउंटन बाईक न्यायची, तर तिला टायर कोणता लावावा – रुंद आणि दाट दात्यांचा, की अरुंद आणि विरळ दात्यांचा? चार हिवाळ्यांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी निघालो होतो. उत्तर मिळालं, मी ते लिहून वाटलंही. ते कसं मिळवलं, हे मात्र आजवर कोणालाही सांगितलेलं नाही – घरातही नाही.

नागपुराकडे हिवाळ्यात चिखल कुठला, अशी शंका तुम्हाला येईल. शंका रास्त आहे. पण नरखेडच्या बाजूला संत्र्याच्या बागांना बहरासाठी पाणी तोडून दिलेला ताण संपला की जानेवारीत पाणी सोडतात, आणि ते दोन बागांमधल्या गाडरस्त्यावर उतरतं. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी तिथे सायकली नेत असू. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. त्यामुळे प्रत्येक वाद निकालासाठी माझ्याकडे येई. मला ते आवडे. किती आवडे, ते पुढे दिसेलच.

रुंद टायर चांगला, असं मी आधीच बोलून बसलो होतो. प्रभाकर नाही म्हणाला. तो वायरमन, त्याच भागातल्या खेड्यात वाढलेला.

"माह्या साळ्यासारखी आहे सर हे माती," तो म्हणाला. "जागा दिसली का बसते, अन् बसली का उठत नाही. रुंद टायर म्हणजे तिले पलंग टाकून देणं आहे."

सगळे हसले. साळ्याला हसले, की मला?

तिथून संशय सुरू झाला. आमच्या नेहमीच्या सायकल दुकानाच्या मालकाशी प्रभाकर कोपऱ्यात बोलताना मला दोनदा दिसला होता. दुकानात अरुंद टायर पडून असतील का? ते खपवायला याला पुढे केलं असेल का? प्रश्न मला वाजवी वाटत होते. त्यातला एकही मी प्रभाकरला विचारला नाही – इतरांना मात्र हलक्या आवाजात विचारला.

मग मी प्रयोग ठरवला. सायकली सारख्या, अंतर सारखं, हवा सारखी; रुंद टायर माझ्या सायकलला, अरुंद प्रभाकरच्या. जाण्याआधी आणि आल्यावर पुढचं चाक काढून काट्यावर तोलायचं. ज्याच्या चाकाचं वजन जास्त वाढेल, तो टायर वाईट. हवा मीच मोजून भरली. इथवर सगळं शास्त्राला धरून होतं.

गाडरस्त्याला दोन चाकोऱ्या होत्या. डावीकडच्या बागेत सकाळपासून पाणी चालू होतं. ती चाकोरी आंबिलीसारखी पातळ. उजवीकडचं पाणी आदल्या दिवशीच थांबलेलं. ती मळलेल्या कणकेसारखी. काळी माती फार भिजली तर ओघळून जाते आणि जराशी सुकली की सुटता सुटत नाही, हे मी वर्षानुवर्षं मुलांच्या हातात गोळे देऊन शिकवलं आहे. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

"कोणती चाकोरी कोणाची, तुम्हीच सांगा सर," प्रभाकर म्हणाला. "तुमच्यावर भरोसा आहे."

मी – मी त्याला उजवी दिली.

त्याला फरक कळला नसेल? वावरात वाढलेल्या माणसाला? त्याने खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि निघाला. त्याचं चाक वाटेतच जाम झालं. माझं जवळजवळ स्वच्छ आलं. तोलून झाल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "आता चाकोऱ्या बदलून पाहू न सर?"

हा नियम मीच वर्गात घोटवून घेत असे. एक फेरी म्हणजे प्रयोग नव्हे. जागा बदलून दुसरी घ्यायची. मी म्हणालो, ऊन चढलं आहे, आकडे पुरेसे स्पष्ट आहेत.

घरी येऊन तक्ता केला. सगळ्यांनी रुंद टायर लावले. प्रभाकरनेही लावले.

तिसऱ्या रविवारी, तशाच अर्धवट सुकलेल्या उतारावर, त्याचं पुढचं चाक, ते धरणाऱ्या चिमट्यात माती भरून, जागच्या जागी थांबलं. तो हँडलवरून पुढे फेकला गेला. उजवं मनगट मोडलं. वायरमनचं उजवं मनगट – दीड महिना त्याला पक्कड धरता आली नाही.

मी भेटायला गेलो. दुकानाच्या मालकाचा फोन येऊन गेला, असं त्याची बायको चहा देताना म्हणाली. तिथलं वायरिंग अर्धवट राहिलं होतं. त्यांच्या कोपऱ्यातल्या बोलण्याचा विषय तो होता.

"टायर बरोबरच होतं सर," प्लॅस्टरमधला हात मांडीवर सावरत प्रभाकर म्हणाला. "मलेच जमलं नाही. गावची माती विसरलो मी."

मी काय म्हणालो? म्हणालो, होतं असं कधी कधी. आणि चहा संपवला.

नंतर एका मधल्या वारी मी एकटा गेलो आणि राहिलेली फेरी घेतली. पातळ चिखलातून दोन्ही टायर सुटून आले. घट्ट चिखलात रुंद जाम झाला, अरुंद निघाला. प्रभाकर बरोबर होता. माझ्या सायकलला तेव्हापासून अरुंद टायर आहेत. रुंद झिजले, नवे मिळाले नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मागच्या आठवड्यात प्रभाकरचा फोन आला. मुलीला सायकल घेतली आहे, "तुमचा तो तक्ता पाठवा न सर." तक्ता चुकीचा आहे, अरुंदच लावा, एवढं मी सांगितलं. का चुकीचा, हे त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ते इथे लिहिलं आहे. हा कागद आज त्याच्याकडे जाईल.

टायरचं उत्तर मात्र माझ्या शब्दावर घेऊ नका. दोन्ही टायर दोन्ही चाकोऱ्यांतून न्या, चाकं तोला. आणि कोणी कुठून जायचं, ते समोरच्याला ठरवू द्या.