पहिलं दळण

फोन आला तेव्हा मी गिरणीत होते. काष्टीचा आमचा आण्णा, माझा थोरला भाऊ, दुसऱ्या दिवशी केडगावला माझ्याकडे चार दिवस राहायला यायचा होता, आणि त्याच्यासाठी ज्वारी दळून घेत होते. पिशवीतलं पीठ अजून गरम होतं. भाचा म्हणाला, "आत्या, आण्णा गेले... कोरा चहा पिता पिता गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय." मी तिथल्या बाकावर बसले, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा, की बघा, पोटानं नाही गेला! आयुष्यभर म्हणायचा, "मंगे, मी पोटानं मरनार न्हाई. त्याची मी लई सेवा केलीया." म्हातारा पैज जिंकून गेला.

हे पोट त्याच्या मागे लागलं चाळिशीत. जेवला की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, मग टमरेल घेऊन पळापळ. कुणी म्हणालं संग्रहणी, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी. काढे झाले, अंगारे झाले, ताकावर राहून झालं. शेवटी नगरच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की याला गहू चालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. आणि दूध, तूरडाळ, मसालाही बंद. गंमत बघा, आण्णाच्या रानात तेव्हा दीड एकर गहू उभा होता! तो बांधावर उभा राहून गव्हाकडे बघत म्हणाला होता, "आपलं-तुपलं एवढं वाकडं कधी झालं रं?"

आमच्याकडे माणसाला पथ्य असलं तर ते त्याच्या एकट्याचं राहत नाही. सगळ्या भावकीनं ते मोडायचा चंग बांधलेला असतो. लग्नात आण्णा पंगतीत सगळ्यांबरोबर मांडी घालून बसायचा आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढायचा. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधीची भाजी. वर्षानुवर्षं तेच. लोक म्हणायचे, "पाव्हणं, येक जिलबी घ्या, येका जिलबीनं काय हुतंय?" एकदा एक व्याही फारच चिडले. हातात जिलबीचं ताट घेऊन म्हणाले, "आमच्या अन्नात काय इख हाय का?" आण्णा हात जोडून म्हणाला, "इख तुमच्या अन्नात न्हाई, दाजी, माझ्या आतड्यात हाय. तुमी माझ्यापाशी बसून माझ्या वाटणीची खावा, मी डोळ्यांनी खातो." व्याही हसले, बसले आणि चार जिलब्या खाऊन उठले.

लोकांना काय नावं ठेवू? सगळ्यात मोठा गुन्हा तर मीच केला. पथ्याच्या पहिल्या वर्षी तो माझ्याकडे आराम करायला आला. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. माझा जीव तुटला. मनात म्हटलं, नुसत्या भाकरीनं माणूस अंग धरतो होय? डॉक्टरांना काय कळतंय! आणि ज्वारीच्या पिठात मी रोज दोन मुठी गव्हाचं पीठ मिसळू लागले. भाकरी कशी मऊ व्हायची! आण्णा कौतुक करायचा, मी गालातल्या गालात हसायची. चौथ्या दिवशी तो संडासाच्या दारातच कोसळला. सलाईन लागलं. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून मी रडत रडत कबूल केलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "मंगे... तू बी?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या भाऊबिजेला आला, पण डबा घेऊन आला. माझ्या घरी! मी ओवाळलं, पाट मांडला, आणि मी वाढलेल्या ताटाशेजारी त्यानं काष्टीहून आणलेला डबा उघडला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. पण मीही त्याचीच बहीण. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा तवा, नवी परात आणि पत्र्याचा डबा आणला. डब्यावर ऑइलपेंटनं 'आण्णा' असं लिहिलं. उरली गिरणी. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी एवढं आम्ही बायका बघतोच, पण आण्णाला तेवढ्यानं भागणार नव्हतं; गिरणीत चिकटून राहिलेलं गव्हाचं पीठही नको होतं. मी बाळू गिरणीवाल्याशी भांडून ठरवलं, की सकाळी गिरणी झाडायची, आधी दोन मुठी ज्वारी टाकून ते पीठ कोंबड्यांना ठेवायचं आणि मग पहिलं दळण माझं. बाळू वैतागून म्हणाला, "ताई, देवाच्या निवेदाचं दळताय का काय?" मी म्हटलं, "त्याच्यापेक्षा कडक. देव आजारी पडत नाही."

पुढच्या भाऊबिजेला मी त्याच्यासमोर सगळं मांडलं. आण्णानं भाकरी हातात घेतली आणि विचारलं, "पहिलं दळन का?" मी म्हटलं, "पहिलं दळण हाय, आण्णा. जेव." मग जेवला. तेव्हापासून दर खेपेला, पहिल्या घासाआधी, तोच प्रश्न. वर्षं उलटली, माझे केस पिकले, तरी प्रश्न काही सुटेना. मला राग यायचा. वाटायचं, अजून माफ नाही का केलं यानं? पण विचारायची हिंमत नव्हती, कारण 'नाही केलं' म्हणाला असता तर?

आणि गेल्या दिवाळीत तो पाटावर बसला, भाकरी मोडली आणि सरळ खायला लागला. मी वाढायची थांबले. म्हटलं, "आण्णा, विचारलं न्हाईस?" तो वरणात भाकरी कुस्करत म्हणाला, "आता काय इचारायचं? तुझ्या घरचं हाय." एवढंच. मी पटकन उठून चटणी आणायला गेले. चटणी तो खात नाही, हेही तेव्हा आठवलं नाही.

तेराव्याला वहिनीनं पुरणपोळ्या केल्या. म्हणाली, "आयुष्यभर जीव मारला त्येंनी. आता कसलं पथ्य? खाऊ द्या की पोटभर." खरंच होतं तिचं. पुरणपोळी म्हणजे त्याचा जीव की प्राण होता. मी आडवी गेले नाही. फक्त फोन आला त्या दिवशीच्या पिठाची एक भाकरी करून नेली होती, ती त्याच्या नैवेद्याच्या पानात पोळीशेजारी ठेवली.

उरलेलं पीठ त्याच्या डब्यात आहे. परवा सूनबाई म्हणाली, "आई, त्या डब्यात आता गव्हाचं पीठ भरू का? मोठा आहे." मी अशी खेकसले, की बिचारी दचकलीच. मग माझं मलाच हसू आलं. दुपारी त्याच पिठाची भाकरी थापली. जुनं झाल्यानं पिठाची विरी गेलीय, भाकरी कडेला चिरते. तशीच घेऊन जेवायला बसले. घास मोडला आणि हात थांबला. कुणी काही विचारलं नव्हतं... तरी मी मोठ्यानं म्हणाले, "पहिलं दळण हाय, आण्णा. जेव."

आतून सूनबाईनं विचारलं, "कुणाशी बोलताय, आई?"

"कुणाशी नाही गं," मी म्हटलं, आणि जेवायला लागले.