फर्स्टवाल्याचं मस्टर

शांतारामभाऊ गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं, तेही पाच दिवसांनी. त्यांच्या गावची एक मुलगी वही तपासायला घेऊन आली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "बाई, ते पाखरंवाले आजोबा गेले." झोपेतच गेले म्हणे. मी वही तपासली, सही केली आणि पुढच्या तासाला दहावीला पेशीविभाजन शिकवलं. काय शिकवलं ते देव जाणे. डोक्यात एकच होतं... दोन वर्षं मी त्यांच्या घराकडे फिरकले नव्हते, आणि त्यांनी मला माफ केलं की नाही, हे विचारायचं आता कायमचं राहून गेलं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी मुलांना गावातल्या पक्ष्यांची यादी करायला सांगितली होती. एकीने लिहिलं, 'फर्स्टवाला'. असा पक्षी नसतो म्हणून मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ शाळेत हजर. "बाई, पोरीला ते नाव मी सांगितलं. तुमी पुस्तकातलं शिकवा, पण माझ्या पाखराला फुली मारू नका. रविवारी पाटंचं या नि आयका." शांतारामभाऊंनी आयुष्यभर साजगावच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून गेटवर कामगारांची हजेरी मांडली होती. निवृत्तीनंतरही हात गप्प बसेना, म्हणून घरी एक कोरं मस्टर आणलं आणि डोंगरातल्या राईत पहाटे गाणाऱ्या एका पक्ष्याची हजेरी घ्यायला सुरुवात केली. तो उजाडायच्या आत कामाला लागतो, म्हणजे फर्स्ट शिफ्टचा, म्हणून फर्स्टवाला!

मी गेले, खरं तर त्यांना खोटं पाडायलाच. राईत एका कातळावर आम्ही बसलो. मी बोलायला तोंड उघडलं की ते बोट वर करायचे. मग ती शीळ आली... संथ, लांबवलेली, मध्येच थांबणारी. पुढची येणारच नाही असं वाटावं इतका वेळ जायचा, आणि मग यायची. चौथ्या रविवारी तो दिसला. पाचोळ्यात उतरला होता, सोनेरी-तपकिरी, अंगभर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. पुस्तकं उलटीपालटी करून मी ठरवलं की हा खवलेदार कस्तूर असावा. हा खरा दक्षिणेकडच्या उंच डोंगरातल्या जंगलांचा, आपल्याकडे क्वचितच दिसणारा. त्याच्याबद्दल कुणाला फारसं ठाऊकही नाही. शांतारामभाऊंना मात्र तो अमावास्येला उशिरा येतो की पौर्णिमेला, हेसुद्धा माहीत होतं.

मस्टरमध्ये त्यांनी पहिल्या ओळीत 'फर्स्टवाला' लिहिलं होतं, खाली 'बाई'. माझी हजेरी फक्त रविवारची. कारखान्याचा कायदा इथेही तोच. हजर असेल तर 'ह'. उशीर झाला तर लाल शाईने वेळ. न सांगता राहिला तर 'गै', आणि रजेवर असेल तर 'र'. "गैरहजराचं नाव पुढल्या म्हैन्यात कापतात," ते सांगायचे. "रजेवरच्याचं कापत नाय." मी एकदा दहा मिनिटं उशिरा पोचले तर खरंच लाल शाईने वेळ मांडली. शिक्षिकेला लेटमार्क! मी रुसले, तर ते पोट धरून हसले.

मग मी ती चूक केली. शीळ फोनवर रेकॉर्ड केली आणि पक्षीवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, जागेसकट. कौतुकाची हाव सुटली होती, दुसरं काय. पुढच्या रविवारी राईखाली सहा गाड्या. मोठमोठे कॅमेरे, आणि एकाच्या हातात स्पीकर. त्यावर फर्स्टवाल्याचीच शीळ, पुन्हा पुन्हा, दुपारपर्यंत. आपल्या जागेत दुसरा नर घुसलाय असं समजून तो बिचारा या फांदीवरून त्या फांदीवर ओरडत राहिला, थांबणं विसरून. सोमवारी तो गायला नाही. मंगळवारीही नाही. शांतारामभाऊ मला एकच वाक्य बोलले, "बाई, त्याला त्याच्याच आवाजानं हाकललं हो." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवसानंतर मी गेले नाही. आधी लाजेने, मग इतके दिवस फिरकले नाही याच्या लाजेने.

तेरावं झाल्यावर त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, वहिनी, ओसरीत तांदूळ निवडत होत्या. "या, बसा," म्हणाल्या, जशी मी गेल्याच आठवड्यात येऊन गेले होते. चहा दिला आणि आतून मस्टर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी तो काळा रविवार शोधला. पुढच्या दिवसापासून फर्स्टवाल्याच्या ओळीत रोज 'र'. खालच्या ओळीत, 'बाई'समोर, दर रविवारी... 'र'. दोन वर्षं. एकही 'गै' नाही. शेवटच्या आठवड्यात अक्षर थोडं हललेलं होतं, पण 'र' होता.

"मी म्हनायची, आवो, त्या बाई काय आता येत नाय," वहिनी म्हणाल्या. "तर माझ्यावरच चिडायचे. म्हनायचे, रजेवर हायत त्या."

मी तिथेच, चहाचा कप हातात धरून, मनसोक्त रडले. वहिनींनी तांदूळ बाजूला ठेवले आणि मला रडू दिलं.

परवाच्या रविवारी मस्टर घेऊन कातळावर जाऊन बसले. अंधार निवळला, राई जागी झाली, बुलबुल बोलले, खालून एक्स्प्रेसवेची घरघर आली. शीळ आली नाही. त्याच्या ओळीत मी 'र' लिहिलं. मग माझ्या ओळीत 'ह' लिहायला निळं पेन उचललं, घड्याळ पाहिलं, आणि ते खाली ठेवून लाल घेतलं.