लाल चिंधी अडकलेलं बटण

पितळेच्या पॉलिशचा वास आला की मला अमेरिकेत, प्लेनोतला तो गराज सेल आठवतो, घरापुढे जुन्या वस्तू मांडून विकतात तो. सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. शेजारच्या गोऱ्या आजींच्या टेबलावर त्यांना एक पितळी बटण दिसलं. "पणजोबांचं आहे, इंडियात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ऑफिसर होते," आजी म्हणाल्या. बाबांनी बटण उलटं केलं, तर मागे लाल कापडाची चिंधी अडकलेली. बाबा मला म्हणाले, "साहेबाचं बटण असं कोण उपटेल? सत्तावनच्या बंडवाल्या शिपायांची उपटायचे, भर परेडीत. हे नक्की कुणाचं, विचार की त्यांना." मी विचारलं. आजींनी चिंधीवरून बोट फिरवलं आणि बटण बाबांच्याच हातात ठेवलं. आज समई घासताना तेही हातात आलं, पण मी पॉलिश लावलं नाही. चिंधी निघाली तर तो शिपाई कोण होता, हे विचारायलाही काही उरणार नाही.