बकेटच्या सावलीतलं जेवण

आज दुपारीच घडलेलं लिहितोय.

पोलादपूरच्या पुढं आमच्या छोट्या लोडरनं दरडीची माती हटवतोय. आज जेवणाच्या जरा आधी ऑपरेटर सलीमभाईंनी दगड फोडायचा ब्रेकर काढून पुढं माती उचलायची बकेट लावली. बकेटच्या भोकांत पिना सरकवणारा लॉकचा दांडा खाली दाबला. आम्हाला वाटलं, बसली.

साइटवर झाड नाही. त्यामुळे रोज बकेट वर उचलून ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्या सावलीत डबे उघडायचे. आजही उघडले. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, म्हणून सगळे हात धुवायला उठले.

धाडकन बकेट निखळून डब्यांवर पडली! डबे पार चपटे.

बघतो तर पिनेच्या भोकात लाल माती गच्च बसलेली. पिन आरपार गेलीच नव्हती. लावल्यावर बकेट जमिनीवर दाबून बघितली असती, तर तेव्हाच कळलं असतं.

भोकं साफ केली, पिना आरपार गेलेल्या डोळ्यांनी बघितल्या, बकेट दाबूनही बघितली. तर आमच्यातले तुडीलचे गणूकाका म्हणतात, "सलीमभाय, आता घे रे वर. ऊन लय हाय."

आणि सगळे उठून परत बकेटखालीच निघाले!

उद्या दुपारी तुमच्या साइटवर बकेटखाली कोण बसणार आहे?