स्टिअरिंगवरची पाटी

मी जळगावला एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. शास्त्रज्ञांची उपकरणं पुसतो, मोजतो, कपाटात ठेवतो. पण तेवढ्यावरही माणसाला माज येतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना वाचायचो, हसायला. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं...

आमचं गाव धरणगावपासून आठ-नऊ किलोमीटरवर. घरामागे खळं, आणि खळ्यात नानाचा ट्रक. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होता. रिटायर होऊन आला आणि काही वर्षांनी लिलावात निघालेला फौजेचाच जुना तीन-टनी ट्रक घेऊन आला. लोक ट्रॅक्टर आणतात! वहिनींनी मात्र ओवाळलं, कारण दारात आलेल्या वाहनाला ओवाळायचं असतं.

त्या ट्रकने बारा वर्षांत पोतंभर कापूस वाहिला नाही. नाना फक्त त्याची सेवा करायचा. सोमवारी ब्रेक, मंगळवारी ग्रीस, बुधवारी बॅटरी... फौजेत वार वाटलेले असतात म्हणे. आमच्या घरात बाकीच्यांचे वारांना उपास, नानाचे नट-बोल्ट. मी रविवारी जायचो आणि ओट्यावर बसून टोमणे मारायचो.

"नाना, हाई गाडी जास कोठे?"

"तू रोज दाढी करस," नाना गाडीखालून म्हणायचा, "तू कोठे जास?"

त्याच्याकडे एक टिनाची पाटी होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं — 'पानी नहीं है'. कधी स्टिअरिंगला लटकलेली असायची, कधी भिंतीच्या खिळ्याला. आमच्या गावात नळाला पाणी कधी येतं ते नळालाच ठाऊक, त्यामुळे मला वाटायचं नानाने गावाची थट्टा मांडलीय. बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास नानाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं पार गेलं. जळगावला दवाखान्यात ठेवलं, नाकातून नळी. सिस्टरने वहिनींना आणि मला बजावलं — तोंडातून पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, त्यांना गिळता येत नाही, छातीत जाईल. वहिनींनी मान हलवली. डॉक्टर-सिस्टर काहीही बोलले तरी त्या मान हलवायच्या.

अकराव्या दिवशी मी शहाणपणा केला. नाना घरी येणार तो खाटेवरच येणार, मग खळ्यात जागा नको का? धुळ्याजवळ हायवेवर एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला फौजी ट्रक हवा होता. मी हो म्हणून टाकलं. नानाला विचारलं नाही. त्याला बोलता येत नव्हतं, हे मला त्या वेळी — लिहायला लाज वाटते — सोयीचं वाटलं.

वहिनींना दवाखान्यात नानाजवळ ठेवून मी गावी गेलो. दुपारी चारला हॉटेलवाल्याचा ड्रायव्हर खळ्यात आला. साठीचा, तोंडाने फटकळ.

"पानी-ऑइल पाह्यं शे ना, सर?"

"फौजी माणसाची गाडी आहे," मी म्हणालो. "बघायची गरज नाही."

पाटी तेव्हा स्टिअरिंगलाच होती. मी स्वतः ती काढली, त्याला चाक फिरवायला अडचण नको म्हणून.

पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरने जरा रेस दिली, गाडी चालू ठेवून उतरला आणि धूर बघायला मागे गेला. मी बोनेटसमोर उभा राहून फोटो काढत होतो. केबिन रिकामी. दोन-तीन मिनिटं झाली असतील... आणि इंजिन बंद झालं. गचका नाही, आचका नाही. कोणी सरळ बंद करावं तसं.

ड्रायव्हर वर चढला आणि तिथूनच ओरडला, "सर, स्टॉपर कोन ओढा?"

ही जुनी डिझेल इंजिनं नुसत्या चावीने बंद होत नाहीत. डॅशबोर्डखाली स्टॉपरची नॉब असते, ती ओढावी लागते. ती पूर्ण बाहेर ओढलेली होती. मी नंतर ओढून पाहिली — मला दोन्ही हात लागले.

"मी तर इथे समोर होतो," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खाली येऊन बोनेट उघडलं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. आत थेंब नव्हता. असंच धुळ्याच्या रस्त्याला लागलो असतो तर हायवे गाठायच्या आत इंजिन जाम. त्याचं लक्ष माझ्या हातातल्या पाटीकडे गेलं.

"हाई कोठे व्हती?"

"स्टिअरिंगला."

"फौजवाला पानी काढतस तव्हय हाई पाटी लावतस. कोनी गाडी चालू करू नई म्हनीसन." मग म्हणाला, "सर, तुमले वाचता येस ना?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. रडत होत्या, पण आनंदाने.

"भाऊ, ते बोलनात! आत्तेच बोलनात. तुमनं नाव लिधं — बापू, बंद कर, म्हने. मी पंखा बंद करा. तरी म्हनेत, बंद कर, पानी नही शे. दोनदा म्हनेत. अकरा दिनना उपाशी जीव, भाऊ... मी दोन चमचा पानी पाजं."

माझ्या हातात पाटी होती. त्याच वेळी वहिनींना सांगायला हवं होतं, पळा, सिस्टरला बोलवा. मी म्हणालो, "चांगलं केलं, वहिनी."

संध्याकाळी नानाला ताप भरला, छाती घरघरायला लागली. डॉक्टरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये गाठून विचारलं, "तोंडातून काही दिलं होतं का?" आत काचेपलीकडे वहिनी नानाचे पाय चेपत होत्या. मी म्हणालो, "मला कल्पना नाही." चौथ्या दिवशी नाना गेला. त्या दुपारच्या शब्दांनंतर तो पुन्हा काही बोलला नाही.

लकव्यात कधी अचानक वाचा येते, हे डॉक्टर सांगतात. तेवढं मी मान्य करतो. पण चाळीसेक किलोमीटरवर मी काय करतोय हे त्याला कसं कळलं? नॉब कोणी ओढली? केबलला ताण असेल, स्प्रिंग सुटली असेल, असं लॅबमधल्या सरांनी न बघताच सांगितलं. मी स्प्रिंग बघितली आहे. ती जागेवर होती.

ट्रक आता हॉटेलसमोर उभा आहे. लोक सेल्फी काढतात. इंजिन एकदम फर्स्टक्लास, असं मालक कौतुकाने सांगतो. नानाने इंजिन वाचवलं... त्याला कोणी वाचवायचं होतं, ते मी वर लिहिलंच आहे.

वहिनींकडे साधा फोन आहे, त्या हे वाचणार नाहीत. परवा वर्षश्राद्धाला आलेल्या बायकांना त्या सांगत होत्या, सगळासले असं मरण येत नही, मना हातनं पानी पीसन गयात. बायका डोळे पुसत होत्या. सगळ्या गेल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, एक सांगा. बंद कर म्हनेत ते पंखालेच ना? मी बरोबर समजनू ना?"

"पंखालेच, वहिनी," मी म्हणालो.