ढेपेच्या तळ्यातले रोहू

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. सांगेन सांगेन म्हणत राहिलो आणि ती गेली. आता तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. पवनारच्या अलीकडे एका मालकाची दोन तळी होती, तिथे मी देखरेखीला होतो. दोन्हींत रोहू सोडलेले. एका तळ्यात जवसाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आणि कोंडा टाकायचा, दुसऱ्यात काहीच नाही. दर महिन्याला मासे तोलायचे, शिवाय प्रत्येक तळ्यातला एक मासा चिरून आतड्यांवर चरबी किती ते वहीत लिहायचं. एवढंच काम. पण मी जन्माचा शाकाहारी — माशाला सुरी लावणं माझ्याच्यानं होईना. मग काय करायचो? वजन खरं लिहायचो आणि चरबीपुढे 'बेताची' असं ठोकून द्यायचो. वर्षभर एकही मासा चिरला नाही. ढेपेचे मासे चांगलेच थोराड झाले. मालक खूश, मीही फुशारलेला.

ते मासे सगुणाबाई वर्ध्याच्या बाजारात विकायची. नवरा नव्हता, पदरात दोन मुली. तिनंच एकदा सांगितलं, "साहेब, पोटात नुसती चरबीच चरबी हाये. मांस पिचपिचीत होऊन राह्यलं, दुपारपर्यंत टिकत नाई. ढेप कमी करा ना."

मी हसण्यावारी नेलं. वहीत तर चरबी 'बेताची' होती; ढेप कमी करायची, तर मालकांना कारण काय सांगणार होतो?

उन्हाळ्यात गिऱ्हाइकं तिच्या अंगावर आली — शिळे मासे विकते म्हणून. ती त्यांना घेऊन थेट तळ्यावर आली. मालकही तिथेच होते.

"तुमी तं दर महिन्याले चिरून पाहता, साहेब. सांगा या लोकायले."

आणि मी — मी म्हणालो, मासा इथून चांगलाच जातो, बाईनं ठेवून ठेवून विकला असेल.

ती आल्या वाटेनं परत निघाली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मालकांनी त्याच दिवशी तिला मासे देणं बंद केलं.

पुढच्या वर्षी सेवाग्रामच्या रस्त्यावर ती गिट्टी फोडताना दिसली. शेजारी थोरली मुलगी, तिच्याही हातात हातोडी. मला पाहून सगुणाबाईनं विचारलं, "बरे हाये ना, साहेब?"

मी हो म्हणालो. सायकलवरून उतरलोही नाही.